फ्लूची टेस्ट निगेटिव्ह, ताप मात्र उतरेना: रिपोर्ट कसा वाचायचा आणि म्युटेशनला दोष कधी द्यायचा

मागच्या पावसाळ्यात पारोळ्याकडचे एक बाबा नातवाचा रिपोर्ट घेऊन काउंटरवर आले आणि सरळ विचारलं, "भो, रिपोर्ट निगेटिव्ह उना, मंग पोरले ताप कसाना शे? तुमनं मशीन खराब शे का?" माझ्या शेजारचा नवीन पोरगा लगेच बोलला, बाबा व्हायरस बदललाय, नवीन म्युटेशन आलंय, ते टेस्टमधे सापडत नाही. बाबांना पटलं, ते गेले. मला मात्र ते उत्तर दिवसभर टोचत राहिलं, कारण असं होऊ शकतं हे खरंय, पण दहा जणांना हे उत्तर दिलं तर नऊ जणांच्या बाबतीत ते चुकलेलं असणार.

कोविडनंतर म्युटेशन हा शब्द चहाच्या टपरीवर पण पोचलाय आणि काहीही बिघडलं की त्याच्यावर ढकलायची सवय लागलीय, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. जळगावात लॅबमधे स्वॅब हाताळता हाताळता जे कळलं ते आणि जे वाचलं ते, दोन्ही आहे यात. डॉक्टर नाहीये मी, औषधाचं डॉक्टरच सांगतील.

आधी टेस्ट शोधते काय ते बघा

फ्लूच्या टेस्ट मुख्य दोन. एक रॅपिड, पट्टीवाली, पंधरा-वीस मिनिटात रेघ येते ती. दुसरी आरटी-पीसीआर. दोघी एकच व्हायरस शोधतात पण शोधायची पद्धत पार वेगळी आणि इथेच सगळी गोम आहे.

पीसीआर म्हणजे मतदार यादीत नाव शोधणं समजा. आपल्या खान्देशात पाटील किती, मोजता येणार नाहीत, आणि तुम्ही कॉम्प्युटरवर 'पाटील' टाकून शोधलं पण यादीत कारकुनाने ऱ्हस्व वेलांटी देऊन 'पाटिल' टाइप केलं असेल तर नाव सापडत नाही. माणूस गावात आहे, घर आहे, चूल पेटतेय, पण यादी म्हणते नाही. पीसीआरचं तसंच. व्हायरसचा आरएनए म्हणजे साधारण साडेतेरा हजार अक्षरांचं पुस्तक, आठ तुकड्यात बांधलेलं, आणि पीसीआर त्यातली वीसेक अक्षरांची ठरलेली ओळ शोधते. शोधणाऱ्या छोट्या तुकड्यांना प्रायमर आणि प्रोब म्हणतात. ती ओळ सापडली की तिच्या कॉप्या काढत जाते आणि मशीनला सिग्नल दिसतो.

रॅपिड टेस्ट अक्षरं वाचत नाही, ती चेहरा ओळखते. पट्टीवर अँटिबॉडी बसवलेली असते आणि ती व्हायरसचं एक प्रोटीन, बहुतेक किटमधे न्यूक्लिओप्रोटीन, हाताने चाचपावं तसं पकडते.

आता मजा बघा. स्पेलिंग बदललं पण उच्चार तोच राहिला, म्हणजे आरएनएचं अक्षर बदललं पण त्यातून बनणारं प्रोटीन तसंच राहिलं (असे मुके बदल खूप होतात), तर पीसीआर अडखळू शकते आणि रॅपिडला काही फरकच पडत नाही. आणि उलट, प्रोटीनचा आकार अँटिबॉडी धरते नेमका तिथेच बदलला पण पीसीआरची ओळ शाबूत आहे, तर रॅपिड चुकेल आणि पीसीआर पकडेल. दोघींच्या डोळ्यात मोतीबिंदू असू शकतो पण वेगवेगळ्या जागी. म्हणून संशय असेल तेव्हा तीच टेस्ट चारदा करण्यापेक्षा दुसऱ्या जातीची टेस्ट करणं जास्त कामाचं.

मग रोज बदलणारा व्हायरस रोज टेस्टला चकवत का नाही

फ्लूचा व्हायरस आपली कॉपी काढताना चुका तपासत नाही. प्रूफ न तपासता छापलेलं पुस्तक. त्यामुळे प्रत्येक फेरीत काही ना काही चुकतं आणि लसीचा फॉर्म्युला म्हणून तर डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमधे, बसून ठरवते. लोक विचारतात की लस बदलावी लागते तर टेस्ट पण जुनी झाली असेल ना? बरोबर शंका आहे. पण लस बघते हिमॅग्लुटिनिनकडे, व्हायरसच्या अंगावरचं ते काटेरी प्रोटीन, आणि तेच सगळ्यात भरभर बदलतं कारण आपली प्रतिकारशक्ती त्यालाच झोडपत असते. टेस्ट बनवणारे हुशार, ते मुद्दाम अशी जागा निवडतात जी व्हायरसला बदलणं परवडत नाही. पीसीआरमधे इन्फ्लुएंझा ए (फ्लूचा एक मुख्य प्रकार) साठी बहुतेक ठिकाणी एम जीन म्हणजे मॅट्रिक्सचा जीन घेतात, रॅपिडमधे न्यूक्लिओप्रोटीन. कपडे रोज बदलले तरी हाडं तीच राहतात तसं.

तरी हाडात पण कधी बाक येतो. एच३एन२ (इन्फ्लुएंझा ए चा एक उपप्रकार) च्या एम जीनमधे मागे बदल साचत गेले आणि काही पीसीआर किटची पकड ढिली पडली, हे परदेशातल्या लॅबवाल्यांनी नोंदवून ठेवलंय. एखाद दुसरं अक्षर प्रायमरच्या मधोमध चुकलं तर सहसा निभावतं, सिग्नल थोडा उशिरा येतो इतकंच. पण प्रायमरच्या ज्या टोकापासून कॉपी सुरू होते त्या शेवटच्या अक्षरांवर चूक आली, किंवा प्रोबच्या खाली दोन-तीन चुका एकत्र आल्या, तर मात्र गाडी सुरूच होत नाही. यावर उपाय म्हणून चांगल्या किटमधे 'पाटील' आणि 'पाटिल' दोन्ही चालतील असे मिसळलेले प्रायमर टाकतात, किंवा एकाऐवजी दोन जागा शोधतात, नाव नाही सापडलं तर ओळखपत्राच्या नंबरवरून शोधावं तसं. कोविडमधे हे आपण पाह्यलंय, २०२० च्या शेवटी अल्फा आला तेव्हा काही किटमधे एस जीन गायब व्हायचा पण बाकीचे दोन जीन यायचे, म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्हच राहायचा आणि उलट ते गायब होणं हीच अल्फाची खूण ठरली.

म्युटेशनवर ढकलण्याआधी हे तपासा

एक माझीच फजिती सांगतो. ऑक्टोबर हीटचे दिवस, एका तालुक्यावरून स्वॅबचा डबा एसटीने आला, आमच्याकडे उतरवून घ्यायला उशीर झाला, उघडून बघतो तर आइस पॅक कोमट. तरी लावला. सगळे निगेटिव्ह. त्यात एक बाई अशी की घरातले तिघं पॉझिटिव्ह, हिला पण तसाच ताप खोकला, आणि हीच निगेटिव्ह. लॅबमधे चर्चा सुरू, नवीन स्ट्रेन दिसतोय वगैरे, मी पण त्यात सामील, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तिचा ताजा स्वॅब घेतला, बर्फात आणला, पॉझिटिव्ह, सीटी २४ (म्हणजे व्हायरस भरपूर, सीटीचं पुढे सांगतो). म्हणजे व्हायरस ठणठणीत होता, आदल्या दिवशीच्या डब्यात आम्हीच त्याला उकडला होता.

तर आधी दिवस मोजा. ताप आल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसात स्वॅब घेतला तर व्हायरस भरपूर असतो, नंतर मोठ्या माणसात तो झपाट्याने कमी होतो. लोक आधी दोन दिवस मेडिकलमधून गोळ्या आणून खातात, मग गावातल्या डॉक्टरकडे दोन इंजेक्शन, मग सातव्या दिवशी जळगाव-धुळ्याला येतात आणि तेव्हा टेस्ट निगेटिव्ह आली की म्हणतात टेस्ट खोटी. टेस्ट खोटी नाही भाऊ, उशीर झाला.

मग स्वॅब कसा घेतला ते. नाकाच्या तोंडाशी गुदगुल्या करून उपयोग नाही, कांडी नाकातून सरळ मागे, कानाच्या दिशेने घशाच्या वरच्या भागापर्यंत जायला पाहिजे आणि तिथे काही सेकंद फिरवायची, डोळ्यातून पाणी येतंच. कांडी पण सिंथेटिक टोकाची लागते. कापसाचं टोक आणि लाकडाची काडी पीसीआरला चालत नाही, ते पीसीआरच्या रिॲक्शनला अडवतात. नंतर व्हीटीएमच्या (व्हायरस टिकवायच्या द्रावणाच्या) नळीत, २ ते ८ डिग्रीला, आणि ७२ तासाच्या आत लॅबमधे. त्याहून जास्त थांबवायचं असेल तर उणे ७० चा फ्रीझर लागतो, घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या खान्यात ठेवून भागत नाही.

स्वॅब नीट घेतला होता का हे नंतरही कळतं, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहितीये. पीसीआरमधे व्हायरससोबत माणसाचा पण एक जीन शोधतात, आरनेज पी नावाचा, स्वॅबवर तुमच्या पेशी आल्या की नाही ते बघायला. तो नीट आला आणि फ्लू नाही आला तर निगेटिव्हला वजन आहे. तोच आला नाही तर रिपोर्ट निगेटिव्ह म्हणायचा नाही, ते सॅम्पलच बाद. रिपोर्टवर हे छापत नाहीत बऱ्याचदा, पण लॅबला फोन करून "इंटर्नल कंट्रोल आला होता का" एवढं विचारायला काही लागत नाही. सगळ्याच किटमधे माणसाचा जीन नसतो, काहींमधे कंपनीने बाहेरून टाकलेला कंट्रोल असतो, त्यावरून मशीनची रिॲक्शन चालली एवढंच कळतं, स्वॅब नीट घेतला का ते नाही. म्हणून कुठला कंट्रोल तेही विचारा.

रॅपिडच्या निगेटिव्हला किती किंमत द्यायची

कमी. रॅपिड अँटिजेन टेस्ट साधारण ५० ते ७० टक्के पेशंट पकडते, म्युटेशन असो नसो. पॉझिटिव्ह आली तर मात्र सीझनमधे बहुतेक खरी असते. हिशोब करून बघा, भर सीझनमधे १०० तापाची पोरं आली, त्यात ४० ना खरंच फ्लू आहे आणि टेस्ट ६० टक्के पकडते असं धरू. म्हणजे २४ सापडले आणि १६ जण निगेटिव्हचा कागद घेऊन घरी गेले. निगेटिव्ह आलेल्या एकूण पंचाहत्तरेक पोरांमधे सोळा फ्लूवाले, म्हणजे पाचात एक. आणि यात व्हायरसने एक अक्षरही बदललेलं नाही. आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर, त्या दिवसात रॅपिड निगेटिव्हवर विसंबू नका. मे महिन्यात मात्र उलटं होतं, तेव्हा फ्लू जवळपास नसतो म्हणून पॉझिटिव्ह रेघेवरच संशय घ्यायचा.

रेघ बघायची वेळ पण पाळा, पाकिटावर १५ मिनिटं लिहिलं असेल तर १५, दोन तासांनी उगवलेली फिकट रेघ धरायची नाही. सी ची म्हणजे कंट्रोलची रेघ नसेल तर टेस्ट फेल.

२००९ मधे स्वाइन फ्लू आला तेव्हा रॅपिड टेस्टची खरी परीक्षा झाली. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या साथरोग संस्थेने, तीन रॅपिड किट नवीन एच१एन१ वर तपासून बघितले, त्यांनी ४० ते ६९ टक्के सॅम्पल पकडले फक्त. त्यातही सॅम्पलमधे व्हायरस कमी असेल तिथे जास्त चुकले. पुढे २०१७ मधे अमेरिकेच्याच एफडीएने, म्हणजे किटला मंजुरी देणाऱ्या खात्याने, नियम कडक केले, रॅपिड किटने पीसीआरच्या तुलनेत किमान ८० टक्के पकडायला पाहिजे आणि कंपनीने दरवर्षी चालू स्ट्रेनवर किट तपासून दाखवायची. हे दरवर्षीचं तपासणं हाच म्युटेशनवरचा खरा इलाज आहे.

तुम्ही लॅब किंवा दवाखाना चालवत असाल तर किट घेताना आतला कागद काढून वाचा, सप्लायर स्वस्त देतोय म्हणून पेटी उचलू नका. त्यात कुठल्या कुठल्या स्ट्रेनवर किट तपासली त्याची यादी असते. नावं अशी, ए/मिशिगन/४५/२०१५ किंवा ए/डार्विन/९/२०२१, म्हणजे टाइप, गाव, नंबर आणि शेवटी साल. नुसती शेवटची सालं वाचत जा. सगळी यादी २००९ ला येऊन थांबली असेल तर सप्लायरला विचारा बाबा त्यानंतर काय केलं, आणि तो गप्प झाला तर दुसरा बघा.

खरोखर म्युटेशन असेल तर रिपोर्टवर कसं दिसतं

हे सगळं तपासून झालं आणि तरी जुळत नाही, तेव्हा म्युटेशनकडे यायचं. लॅबवाल्यांसाठी जास्त आहे हे, पण पेशंटच्या घरच्यांनी पण वाचलं तर बिघडत नाही.

सीटी म्हणजे किती फेऱ्यांनंतर सिग्नल दिसला तो आकडा, कमी आकडा म्हणजे व्हायरस जास्त, आणि साधारण ३.३ ने आकडा वाढला की व्हायरस दहापट कमी. आता एकाच सॅम्पलमधे एम जीनचा सीटी आणि एच१ किंवा एच३ चा (हिमॅग्लुटिनिनच्या जीनवरून उपप्रकार ओळखतात तो) सीटी जवळपास यायला पाहिजे, माणूस एकच ना. एच३ आला २२ ला आणि एम आला ३३ ला, तर व्हायरस कमी नाहीये, एमच्या ओळीत अक्षरं चुकतायत अशी शंका घ्यायची. एच३ पॉझिटिव्ह आणि एम पूर्ण गायब, शंका अजून पक्की. एका सॅम्पलवर काही ठरवू नका, पिपेटिंगची चूक पण असू शकते, परत लावा. पण एकाच आठवड्यात एकाच तालुक्यातून तसेच चार आले तर मग ती लिहून ठेवायची आणि वर कळवायची गोष्ट आहे. आणखी एक, पीसीआरच्या ग्राफवरच्या रेघेचा उतार. ग्राफ नेहमीसारखा सरळ न चढता लुळा पडून लवकर सपाट होत असेल तर प्रोब नीट बसत नाहीये असं समजा. मशीन कुठल्याही रेघेला 'डिटेक्टेड' नाहीतर 'नॉट डिटेक्टेड' एवढंच म्हणतं, म्हणून ग्राफ डोळ्याने बघायची सवय लावा, मला ती उशिरा लागली.

सगळ्यात महत्त्वाचा प्रकार, इन्फ्लुएंझा ए दणकून पॉझिटिव्ह, सीटी ३० च्या आत, आणि एच१ पण नाही एच३ पण नाही. सीटी ३६-३७ असेल तर सोडून द्या, व्हायरसच कमी आहे म्हणून उपप्रकार नाही आला. पण व्हायरस भरपूर असून ओळख पटत नाही म्हणजे हा आपल्या ओळखीचा नाही. २००९ ची साथ अशीच सापडली, कॅलिफोर्नियातल्या दोन पोरांचे सॅम्पल ए पॉझिटिव्ह होते पण माणसांच्या कुठल्याच उपप्रकारात बसेनात, म्हणून पुढे पाठवले आणि एप्रिलमधे कळलं की डुकरांकडून आलेला नवा व्हायरस आहे. टेस्टचा एक भाग फेल झाला म्हणून तो सापडला. असं सॅम्पल आलं तर निगेटिव्हमधे ढकलायचं नाही, जिल्ह्याच्या साथरोग विभागाला कळवायचं, तिथून ते पुण्याला एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातं.

आणि हे दूरचं नाहीये आपल्याला. भारतातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मधे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पुढे जळगाव जिल्ह्यातल्या गावात पण पोचला. २०२१ मधे नवापूरला बर्ड फ्लू परत आला. २००६ ला माणसांचे नमुने पण पुण्याला तपासले होते, ते निगेटिव्ह निघाले, पण पोल्ट्रीत काम करणाऱ्याला किंवा घरची कोंबडी अचानक मेली अशा घरातल्या माणसाला ताप-दम लागला तर डॉक्टरला कोंबड्यांचं आधी सांगा. नेहमीची टेस्ट फार तर 'ए' म्हणेल, एच५ शोधायला वेगळे प्रायमर लावावे लागतात आणि ते कुणी सांगितल्याशिवाय लावत नाही.

एक गोंधळ लोक कायम करतात. औषध लागू पडत नाही ते म्युटेशन वेगळं. २००८-०९ च्या सुमारास जुन्या हंगामी एच१एन१ मधे एच२७५वाय नावाचा बदल जगभर पसरला होता, त्याने ओसेल्टामिवीर हे फ्लूचं औषध चालेनासं झालं, पण तो बदल न्यूरामिनिडेज नावाच्या दुसऱ्या प्रोटीनमधे, टेस्ट तिकडे बघतच नाही. टेस्ट पॉझिटिव्ह छान यायची. तेव्हा पॉझिटिव्ह रिपोर्टवरून औषध चालेल की नाही हे कळत नाही.

आता घरच्यांनी करायचं काय

साधा ताप, घसा, अंगदुखी असेल तर सरकारच्या ए-बी-सी वर्गवारीत ए मधे टेस्टची गरजच नाही, घरी आराम, पाणी, बाकीच्यांपासून लांब. बी मधे ताप जास्त किंवा माणूस जोखमीचा, म्हणजे गरोदर बाई, पाच वर्षाखालचं पोर, ६५ च्या वरचे, शुगर, दमा, हृदय, किडनीवाले, आणि आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल असलेले, हे पण विसरू नका. यांना डॉक्टर टेस्टशिवायच ओसेल्टामिवीर सुरू करू शकतात, कारण ते पहिल्या ४८ तासात जास्त चांगलं चालतं आणि तोवर रिपोर्ट येईलच असं नाही. सी म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, बेडक्यातून रक्त, नखं निळी पडणं, पोर दूध-खाणं सोडतंय किंवा झटके येतायत. तेव्हा ॲडमिट आणि मगच टेस्ट, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून औषध बंद करा असा हट्ट डॉक्टरकडे धरू नका. ॲडमिट पेशंटचा नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आणि फुप्फुसं भरलेली असतील तर खालचं सॅम्पल, म्हणजे बेडका किंवा नळीतून ओढलेला स्राव, घ्यायला विचारा, तिथे व्हायरस कधी कधी सापडतो जेव्हा नाकात संपलेला असतो.

पारोळ्याच्या त्या बाबांना मी संध्याकाळी फोन लावला. ताप कधीपासून विचारलं तर म्हणाले आठवा दिस शे. म्हटलं बाबा मशीन पण बरं आहे आणि व्हायरस पण जुनाच असेल, पोराला उद्या डॉक्टरला परत दाखवा, आठ दिवस ताप म्हणजे फ्लूच्या पुढचं काहीतरी बघायला पाहिजे. दाखवलं, टायफॉइड निघाला.